वापरात नसलेली गाडी

चाकणच्या कंपनीबाहेर शिफ्ट सुटायच्या वेळी पिकअपच्या गाड्या रांगेनं लागत, तेव्हा रंगराव सुरवसेला कुणी नावानं हाक मारत नसे. "चौऱ्याऐंशी बावीस, पुढं घ्या!" असं सिक्युरिटीवाला ओरडायचा आणि रंगराव आपली पिवळ्या पाटीची सातजणांची गाडी गेटाशी आणून उभी करायचा. अकरा वर्षं हाच रस्ता आणि हीच वेळ. आधी एक जुनी गाडी होती, मग ही घेतली. गाडीत सहा बायका बसत. कुणी निगडीला उतरे, कुणी रावेतला. शेवटी मोनिका नावाची क्वालिटी विभागातली मुलगी पुनावळ्याला उतरली की रंगराव पाच मिनिटांत आपल्या खोलीवर.

रंगराव मूळचा भूम तालुक्यातला. लग्न झाल्याबरोबर बायकोला, कस्तुराला, घेऊन इकडं आला आणि मुलगी झाली तेव्हा इथल्या नदीचं नाव ठेवलं, इंद्रायणी. कस्तुराला जाऊन सहा वर्षं झाली होती. मूत्रपिंडाचं दुखणं होतं. इंद्रायणी नवऱ्याबरोबर होसूरला राहायची, तिकडं तमिळनाडूतल्या कंपनीत त्याची नोकरी होती. तेव्हा रंगरावाच्या दिवसात माणसाचा आवाज असा काय तो गाडीतच ऐकू यायचा. मागच्या सीटवर कुणाच्या सासूची गाऱ्हाणी, कुणाच्या पोराच्या परीक्षा, कुणाचं ठरत आलेलं लग्न. तो मधे बोलत नसे. आरशातून बघत, हूं हूं करत गाडी हाकायचा. पण कुणाच्या घरी काय शिजतंय हे त्याला पाठ होतं.

गेल्या मार्चच्या शेवटी कंत्राटदार गणराजशेठनं बोलावून सांगितलं, "रंगराव, कंपनीचा नवा नियम आलाय. आठ वर्षांवरची गाडी चालणार नाही. आता सगळ्या विजेच्या गाड्या लावायच्यात. तुमचं दिवाळीनंतर बघू कुठंतरी."

शेवटच्या दिवशी बायकांनी त्याला शर्टाचं कापड दिलं. मोनिकानं गाडीसमोर सगळ्यांचा फोटो काढला. फोनवर 'पिकअप ८४२२' नावाचा त्यांचा एक ग्रुप होता, त्यावर तो टाकला. दोन दिवस हात जोडलेली चित्रं येत राहिली. मग नव्या गाडीचा नवा ग्रुप निघाला असावा. एकेक नाव बाहेर पडल्याची ओळ दिसायला लागली. आठवड्यानं त्या ग्रुपमध्ये रंगराव आणि मोनिका दोघंच उरले. मोनिका बहुतेक बाहेर पडायचं विसरली होती.

आणि त्याच आठवड्यात फोनवर संदेश आला, गाडीचा वार्षिक टॅक्स भरायची वेळ झाली आहे.

परिवहन कार्यालयातल्या खिडकीशी जयमाला मॅडम बसायच्या. पन्नाशीच्या, आवाज हळू, माणसाचं बोलणं पुरं ऐकून घेणाऱ्या. रंगरावानं फोन पुढं केला.

"मॅडम, गाडी तर दारात उभी हाय. कामच नाही तिला. रस्त्यावर जाईना झाली, मग रस्त्याचा टॅक्स कशाचा घ्यायलात?"

"काका, टॅक्स नुसत्या रस्त्यावर धावण्याचा नसतो. कायद्यात शब्द आहेत, 'वापरात असलेली किंवा वापरासाठी ठेवलेली' गाडी. तुमची वापरासाठी ठेवलेलीच आहे ना?"

"ठेवलीय खरी. पण वापरायला कुणी नाही."

जयमाला मॅडम जराशा हसल्या. मग म्हणाल्या, "असं करा, नॉन-यूज द्या. गाडी अमुक महिने वापरणार नाही, अमुक ठिकाणी उभी राहील, असं आधी लिहून द्यायचं. परमिटचे कागद इथं जमा करायचे. मुदतीत गाडी हलली नाही असं दिसलं की त्या काळाचा टॅक्स माफ होतो. पण एक लक्षात ठेवा, तिथून गाडी हलवायची नाही. अजिबात नाही. आमचे इन्स्पेक्टर कधीही बघायला येऊ शकतात."

"कधी येतील?"

"सांगून येत नाहीत."

रंगरावानं सहा महिन्यांचा अर्ज भरला. गाडी ठेवण्याचं ठिकाण: पुनावळे, छबूबाईंचं आवार. फॉर्मवर सही करताना त्याला बरं वाटलं. टॅक्स वाचणार होता म्हणून तर खरंच, पण त्याच्या दारी कुणीतरी येणार आहे असं कुठल्या तरी कागदावर ठरलं होतं, म्हणूनही.

छबूबाई त्याची घरमालकीण. पंचाहत्तरीला टेकलेली, पुनावळ्याच्या जुन्या शेतकरी घरातली. चारी बाजूंनी वीस-बावीस मजल्यांच्या इमारती उठल्या, तरी मधल्या सहा गुंठ्यांवरचं आपलं बैठं घर आणि ओळीनं बांधलेल्या तीन खोल्या तिनं सोडल्या नव्हत्या. दोन्ही पोरं रावेतला मोठ्या फ्लॅटात गेली होती. बाकीचे भाडेकरू कंपनीतले, सकाळी कुलूप लावून गेलेले संध्याकाळीच दिसायचे. छबूबाई फार बोलकी नव्हती. महिन्याच्या पाच तारखेला भाडं घ्यायची, "पानी जपून वापरा" एवढं म्हणायची आणि आत जायची.

रंगरावानं पोटापुरतं काम शोधलं. शेजारच्या सोसायटीत सकाळी सहा ते नऊ गाड्या पुसायच्या. नऊला तो घाईनं परत यायचा, कारण सरकारी माणूस आला तर दहानंतरच येणार. मग गाडीवरची धूळ झटकायची, आवार झाडायचं, नवी आणलेली प्लास्टिकची खुर्ची फडक्यानं पुसून सावलीत ठेवायची. दुधाची पिशवी आणून ठेवायची. चारची वेळ टळली की त्या दुधाचा चहा तो स्वतःच करून प्यायचा. आठवड्यातून एकदा बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन चालू करायचा, पण तेवढ्यानंही त्याच्या मनात पाल चुकचुकायची. हे वापरणं तर नाही ना होत? दोन मिनिटांतच किल्ली फिरवून तो खाली उतरायचा आणि चाकं जागची हलली नाहीत ना, हे वाकून बघायचा. चाकांखाली त्यानं विटा लावल्या होत्या. विटांभोवती गवत उगवलं, ते त्यानं उपटलं नाही. इन्स्पेक्टरला पुरावा म्हणून राहू दिलं.

सोसायटीत रणजीत नावाचा एक तरुण राहायचा. घरूनच काम करायचा. त्याची पांढरी गाडी महिन्यातून दोनदा गेटबाहेर पडायची, तरी पुसायचे पैसे तो नेमानं द्यायचा. एकदा रंगरावानं त्याला आपली नॉन-यूजची हकिगत सांगितली.

"बरं आहे तुमचं," रणजीत म्हणाला. "तुम्ही निदान वर्षावर्षाला भरता, नाही वापरली तर माफी मागू शकता. मी पंधरा वर्षांचा एका दिवसात भरला, गाडी घेतली तेव्हाच. आता ती इथं धूळ खातीय. मला कोण माफी देणार? समोरचा रोज नाशिक करतो, त्यालाही तोच हिशेब."

"आन् माझ्या जागी जी विजेची गाडी आली, तिला टॅक्सच माफ म्हणं. दिवसभर तोच रस्ता तुडवायलीय ती."

"तिचा धूर नसतो ना, काका."

"उभ्या गाडीचा तरी कुठं धूर असतो साहेब?"

रणजीत हसला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत लिफ्टकडं गेला. रंगराव हातातलं फडकं तसंच धरून थोडा वेळ उभा राहिला. बोलणं अजून चाललं असतं तर त्याला हवं होतं.

एप्रिल गेला, मे गेला. जूनच्या सुरुवातीला इंद्रायणीचा फोन आला. तिच्या मुलीचा पहिला वाढदिवस होता.

"अप्पा, तिकीट काढून पाठवते. आठ दिवस या."

"आठ दिवस कसं जमंल बाई? इकडं तपासणीला साहेब येणार हायत."

"कधी?"

"ते सांगून येत नाहीत."

"अप्पा, गाडी जागेवर आहे की नाही एवढंच बघायचंय ना त्यांना? तुम्ही कशाला पाहिजे? कुलूप लावून या."

"आपण नसताना कुणी आलं तर बरं दिसतं का ते?"

"आम्हाला तुमच्याशिवाय बरं दिसतं वाटतं," असं म्हणून तिनं फोन ठेवला. वाढदिवसाचा केक त्यानं फोनवरच पाहिला. नात सारखी पडद्याबाहेर रांगत जात होती आणि इंद्रायणी तिला ओढून पुन्हा समोर बसवत होती.

जूनच्याच मध्याची गोष्ट. सकाळी अकराचा सुमार. छबूबाई कधी नव्हे ती त्याच्या खोलीच्या पायरीशी येऊन उभी राहिली. नवी नऊवारी नेसलेली, हातात पिशवी.

"रंगराव, गाडी काढता का जरा? खेडाकडं जायाचं हाय, चाकणच्या फुडं. माझा भाऊ हाय तिथं, आबाजी. लई शिक हाय. भाच्याचा निरोप आला, आत्या, बघून जा म्हनं."

रंगराव उभा राहिला. गाडी चार पावलांवर होती, किल्ली भिंतीच्या खिळ्याला होती. डिझेल होतं.

"मावशी, दादासाहेबांना फोन केला का?" दादासाहेब म्हणजे तिचा थोरला.

"केला. तो मुंबैला गेलाय, उद्या येनार. धाकटा उचलीना." ती गाडीकडं बघत म्हणाली, "तुमची हितंच हाय म्हनून आले. भाडं देते की वो. फुकट न्हाई नेत म्हनत."

"भाड्याचं नाही मावशी. ती गाडी हलवायची नाही असं लिहून दिलंय म्या सरकारला. कागद तिकडं जमा हायत. वाटंत कुणी धरलं तर सगळा टॅक्स भरावा लागंल, वर दंड. आन् नेमका आजच साहेब आला बघायला तर?"

छबूबाईला यातलं किती कळलं कोण जाणे. तिनं एकदा विटांकडं पाहिलं.

"म्हंजी चालत न्हाई का ती?"

"चालती की. पण चालवायची नाही."

"बरं," ती म्हणाली.

"रिक्षा बोलवून देऊ का?"

"मी बघते," म्हणत ती फाटकाबाहेर गेली. रंगराव तिच्यामागं चार पावलं गेला आणि थांबला. सोबत म्हणून बसनं तिच्याबरोबर जावं, हे त्याच्या मनात आलंच नाही असं नाही. पण साहेब यायची वेळ होती.

छबूबाई रिक्षानं निगडीपर्यंत गेली, तिथून बस बदलत बदलत चाकण, पुढं माणसं भरली की सुटणाऱ्या वडापच्या जीपनं गाव. पोचायला दुपारचे साडेतीन झाले. संध्याकाळी भाच्यानं तिला मोटारसायकलवर आणून सोडलं. रंगराव पुढं झाला, "कसं हाय मावशी भावाचं?"

"दुपारपतूर बोलत व्हता म्हनं. माझी वाट बघत व्हता. म्या गेले तवा डोळं उघडंच व्हतं, पन वळखलं न्हाई." एवढं बोलून तिनं दार लोटून घेतलं.

तिसऱ्या दिवशी आबाजी गेला. तेव्हा दादासाहेब गाडी घेऊन आला आणि आईला घेऊन गेला. दहावं-तेरावं झाल्यावर ती परत आली, पण पुढं दोन महिने ती रंगरावाशी एक शब्दही बोलली नाही. भांडण असं नव्हतं. पाच तारखेला तो भाडं घेऊन गेला की ती हात पुढं करायची, पैसे घ्यायची आणि 'पानी जपून वापरा' हेसुद्धा म्हणायची नाही. त्या एका वाक्याचीही आपल्याला सवय झाली होती, हे रंगरावाला तेव्हा कळलं.

तो मनाशी तीच उजळणी करत राहायचा. आपण खोटं तर बोललो नाही. नियम होता, सही केली होती. रस्त्यात धरलं असतं तर कोण सोडवायला आलं असतं? सगळं बरोबर होतं. आणि तरीही रात्री अंथरुणावर पडलं की 'म्हंजी चालत न्हाई का ती?' हे तिचं विचारणं कानात यायचं.

ऑगस्ट संपत आला तरी कुणी फिरकलं नाही. शेवटी एका मंगळवारी त्याला राहवलं नाही. सकाळचं काम आटोपून, आंघोळ करून, भेट मिळालेल्या कापडाचा शिवून घेतलेला शर्ट घालून तो बसनं कार्यालयात गेला.

"मॅडम, पाच महिने झाले. कुणी आलंच नाही."

जयमाला मॅडमनी रजिस्टर उघडलं, शेजारच्या टेबलावर काही विचारलं. "काका, तुमचं नाव आजच्याच यादीत आहे. साहेब सकाळीच निघालेत तिकडं. रावेत, पुनावळे, वाकड."

रंगराव धावतच बाहेर आला. बससाठी न थांबता त्यानं रिक्षा केली. आयुष्यात स्वतःसाठी रिक्षा त्यानं चार-दोन वेळाच केली असेल. वाटेत प्रत्येक सिग्नलला तो पुढं वाकून बघत होता.

आवारात कुणी नव्हतं. गाडी होती. छबूबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. त्याला बघून तिनं सूप खाली ठेवलं आणि दोन महिन्यांनी पहिल्यांदा बोलली.

"आला व्हता तुमचा मानूस."

"गेले?"

"कवाच. पाच मिन्टं व्हता. फोटू काढला, पाटीवरला आकडा बघितला, गवताकडं बघितलं. च्या ईचारला म्या, नको म्हनला."

"काही म्हणाले का?"

"मला ईचारलं, आजी, ही गाडी मधी कुठं गेली व्हती का? म्या सांगितलं, न्हाई. माझा सख्खा भाऊ मरनाला टेकला व्हता तरी हलली न्हाई." ती अगदी साध्या आवाजात बोलत होती, टोमणा मारल्यासारखं नाही. साक्षीदारानं साक्ष द्यावी तसं. "त्यानं लिवून घेतलं. म्हनला, मग झालं काम."

तिनं सूप परत मांडीवर घेतलं. रंगराव खोलीत गेला. सकाळी आणलेलं दूध तापवायचं राहिलं होतं, ते नासलं होतं. ते ओतून टाकून तो बराच वेळ मोरीपाशीच उभा राहिला.

दोन दिवसांनी तो पुन्हा कार्यालयात गेला आणि नॉन-यूज मागं घ्यायचा अर्ज दिला. जयमाला मॅडमना आश्चर्य वाटलं.

"अहो काका, एक महिना तर राहिलाय. तपासणीही चांगली झाली. आता कागद परत घेतले तर या तिमाहीचा टॅक्स पडेल. थोडं थांबा की."

"नको मॅडम. वापरासाठी ठेवायचीय गाडी."

"काम मिळालं वाटतं?"

"नाही अजून."

मॅडमनी एकदा त्याच्याकडं पाहिलं. पावती फाडून दिली. आधीच्या तिमाहीची माफी मंजूर झाल्याचा कागदही वेगळा मिळाला. तो त्यानं वाचला नाही, घडी करून खिशात घातला.

घरी आल्यावर त्यानं विटा काढल्या, गवत उपटलं, गाडी धुतली. मग छबूबाईच्या ओट्यापाशी गेला.

"मावशी, कागद सोडवून आणले. आता कवाबी, कुठंबी जायचं असलं तर मला सांगा. रात्री-बेरात्री पण सांगा."

छबूबाईनं त्याच्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"आता कुठं जायाचं मला?" ती म्हणाली.

दिवाळीनंतर गणराजशेठनं दुसरीकडं लावून दिलं. चाकणच्याही पुढं एक लहानशी सुट्या भागांची कंपनी. तिथले तिघेजण न्यायचे-आणायचे. तिघंही तरुण, गाडीत बसल्याबरोबर कानात यंत्र घालणारे. उतरताना मात्र 'थँक यू' म्हणायचे. रंगराव सवयीनं आरशात बघायचा, तर तीन खाली वाकलेली डोकी दिसायची. पिकअपच्या जुन्या ग्रुपमधून एक दिवस मोनिकाही बाहेर पडली.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, त्याची सुट्टी होती त्या दिवशी, छबूबाई पुन्हा पायरीशी येऊन उभी राहिली. नवऱ्याच्या कंपनीची पेन्शन तिला मिळायची. त्यासाठी दरवर्षी बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागे. दादासाहेबाला सवड नव्हती.

"निगडीला बँकंत जायाचंय," ती म्हणाली. "तुमाला जमत आसंल तर."

रंगरावानं शर्ट बदलला, पुढचं दार उघडून धरलं. छबूबाई मागं जाऊन बसली. रस्त्यात त्यानं दोनदा विषय काढून पाहिला. रस्ता किती बदलला, या जागी कुणाचा ऊस होता. ती खिडकीतून बाहेर बघत "व्हय" एवढंच म्हणाली. बँकेत तास गेला, तो बाहेर थांबला. अंगठा देऊन ती बाहेर आली, पुन्हा मागच्या सीटवर बसली आणि दोघं परत आले.

आवारात उतरल्यावर तिनं पदराची गाठ सोडली, नोटा काढून मोजल्या आणि सीटवर ठेवल्या.

"हे कशाला मावशी? नको."

"असू द्या. गाडीला सरकारला भरावं लागतं न्हवं तुमाला," ती म्हणाली आणि काठी टेकत आपल्या दाराकडं गेली.

रंगरावानं पैसे उचलले. निगडीपर्यंत जाऊन-येऊन रिक्षाला जेवढे पडतात तेवढेच होते. एक रुपया कमी नाही, एक रुपया जास्त नाही.